अलकापुरीतील मूत्ररोग दवाखाना: तपासणी उत्तम, किल्लीची मात्र अडचण

मूत्राशय भरू लागले की ओटीपोटात कळ यायची आणि लघवी झाली की ती थोडा वेळ शमायची. या दुखण्यावर दोन वर्षे मी अँटिबायोटिकचे कोर्स केले. लघवीच्या कल्चर तपासणीत मात्र जंतू एकदाही सापडले नाहीत. अखेरीस वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातून रिक्षा करून, पावसात तुंबलेले गरनाळे (रेल्वेखालचा भुयारी रस्ता) चुकवत, अलकापुरीतल्या या दवाखान्यात पोहोचले.

डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी तीन दिवसांची नोंद मागितली: किती वाजता, किती मिली आणि दुखणे किती. त्यासाठी मापाचा प्लास्टिकचा मग न्हाणीघरात ठेवला. निरोगी माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० मिली मावते. माझा आकडा ९० च्या पुढे सरकत नव्हता.

पुढे भूल देऊन, मूत्राशय पाण्याने ताणून दुर्बिणीतून तपासणी झाली. पाणी काढल्यावर अस्तरावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटले होते. डॉक्टरांनी ते फोटोत दाखवले आणि लगेच हेही सांगितले, की असे ठिपके काहीच त्रास नसलेल्यांतही दिसतात, त्यामुळे तेवढ्यावर ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’चे, म्हणजे जंतुसंसर्ग नसताना मूत्राशय दीर्घकाळ दुखत राहण्याच्या आजाराचे, निदान करता येत नाही. या आजारात काहींना होणारे, अमेरिकी डॉक्टर हनर यांनी १९१५ साली वर्णन केलेले मूत्राशयातले व्रण मला नव्हते. असते तर दुर्बिणीतूनच जाळता आले असते. मूत्राशयाचा रक्तपुरवठा कमी पडल्याने हे होते का, असे मी विचारले. मूत्राशय ताणले जाताना या आजाराच्या रुग्णांत रक्तप्रवाह घटल्याचे आढळले आहे, पण ते दुखण्याचे कारण आहे की परिणाम हे ठरलेले नाही, असे त्यांनी गुजरातीत, न कंटाळता समजावले आणि ‘रक्ताभिसरण वाढवणाऱ्या’ चूर्णावर पैसे घालवू नका म्हणून बजावले. निदान म्हणून ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ असे लिहिले. या आजारावरच्या पेंटोसान या औषधाच्या कॅप्सूल सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून आणायला लावला, कारण दीर्घकाळ घेतल्यास त्या औषधाने पडद्याला इजा होऊ शकते. इतकी काळजी मला इतरत्र कुणी घेतलेली आठवत नाही.

दवाखान्याचे नाव देत नाही, कारण तक्रारही तितकीच खरी आहे. वीसेक मूत्ररोग्यांना एकच स्वच्छतागृह, तेही कुलूपबंद, आणि किल्ली काउंटरच्या खणात! चारचौघांत ती मागायची, ती कुणी आधीच नेली असेल तर पाय आवळून बसायचे. शेवटच्या खेपेला मी हे लेखी दिले. परत निघताना पाहिले, तर किल्ली सुतळीने दारालाच बांधलेली होती.