इंटिग्रंटच्या आधारे क्लोजरमधील वेब सर्व्हरची मांडणी: अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले अकरा महिने आमच्या चार जणांच्या गटाची, क्लोजर या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली एक सेवा इंटिग्रंट या, प्रोग्रामचे घटक जोडून योग्य क्रमाने चालू-बंद करणाऱ्या लायब्ररीच्या आधारे चालू आहे. क्लोजरच्या वेब विश्वाचा पाया असलेल्या रिंग या लायब्ररीची जे देखभाल करतात, त्या जेम्स रीव्ह्ज यांचीच ही निर्मिती आहे. आमच्या सेवेत रिंगच्या जेटी अडॅप्टरवर (जेटी हा जावातला वेब सर्व्हर) उभे असलेले दोन सर्व्हर आहेत, एक बाहेरच्या वापरकर्त्यांसाठी आणि दुसरा केवळ देखरेखीच्या आकड्यांसाठी. कोणती विनंती कोणत्या फंक्शनकडे जावी हे ठरवण्यासाठी रेइतित आहे, डेटाबेसशी बोलण्यासाठी हिकारीचा कनेक्शन पूल (तयार जोडण्यांचा साठा) आहे आणि मागे सतत चालणारी कामांची एक रांग आहे. एवढ्या घटकांची जोडणी सांभाळताना जे बरे वाटले आणि जे खटकले, ते येथे नोंदवत आहे.

आधीची स्थिती सांगितल्याशिवाय या बदलाचे मोल कळणार नाही. डेटाबेसचा पूल आम्ही एका नेमस्पेसमध्ये (कोडच्या एका नाव दिलेल्या विभागात) अगदी वरच्या पातळीवर ‘डेफ’ने बांधून ठेवला होता आणि ज्याला हवा त्याने तो थेट उचलून वापरायचा, अशी सोय होती. क्लोजरमध्ये नेमस्पेस लोड होताना वरच्या पातळीवरची प्रत्येक अभिव्यक्ती चालवली जाते, आणि आगाऊ कंपाइल करतानाही ती चालतेच. त्यामुळे केवळ जार फाइल (प्रोग्रामचे बांधलेले गाठोडे) तयार करणारे यंत्रदेखील डेटाबेसशी जोडणी करू पाहत असे आणि डेटाबेस हाताशी नसला की बांधणीच मोडून पडे. एखादे साधे, आकडेमोड करणारे फंक्शन तपासायचे झाले, तरी आधी डेटाबेस चालू करावा लागे. हा दोष आमच्याच मांडणीचा होता आणि लायब्ररी शोधण्याची वेळ त्यामुळेच आली.

इंटिग्रंटची मूळ कल्पना थोडक्यात अशी की, संपूर्ण प्रणाली हा एक साधा मॅप (नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांचा संच) असतो. त्यातला प्रत्येक कीवर्ड म्हणजे एक घटक, त्याच्यापुढे त्या घटकाचे पर्याय, आणि एखाद्या घटकाला दुसरा घटक लागत असेल तर तेथे ‘आयजी/रेफ’ हा निर्देश. हा मॅप ईडीएन या क्लोजरच्या मजकुरी स्वरूपातील फाइलमध्ये ठेवता येतो. जेटीच्या नोंदीत पोर्ट असतो आणि हँडलरकडे (विनंती घेऊन उत्तर देणाऱ्या फंक्शनकडे) निर्देश असतो, हँडलरच्या नोंदीत पूलकडे निर्देश असतो, आणि पूलच्या नोंदीत डेटाबेसचा पत्ता. या निर्देशांवरून लायब्ररी स्वतःच क्रम लावते व प्रत्येक घटकासाठी ‘इनिट-की’ या मल्टिमेथडची (कीवर्डनुसार वेगळी आवृत्ती असलेल्या फंक्शनची) आपण लिहिलेली आवृत्ती चालवते. बंद करताना ‘हॉल्ट-की’ नेमक्या उलट क्रमाने चालते.

याच कामासाठीच्या दुसऱ्या लायब्ररी, म्हणजे स्टुअर्ट सिएरा यांची कॉम्पोनंट आणि माउंट, हे दोन्ही पर्याय आम्ही तपासले होते. कॉम्पोनंटमध्ये अवलंबित्व फक्त रेकॉर्ड किंवा मॅपलाच देता येते. रिंगचा हँडलर मात्र एक साधे फंक्शन असतो, त्यामुळे त्याला पूल पुरवण्यासाठी वेगळे वेष्टन करावे लागते. माउंट शिकायला सोपे आहे, पण त्यात घटकांचा क्रम नेमस्पेसच्या क्रमावरून ठरतो आणि स्थिती पुन्हा नेमस्पेसमध्येच राहते. ज्या गोष्टीतून आम्हाला बाहेर पडायचे होते, तिच्याच जवळ पुन्हा जाणे आम्हाला पटले नाही.

दोन जेटी एकाच प्रणालीत बसवताना संयुक्त कीवर्डची सोय फार उपयोगी पडली. दोन कीवर्डचा व्हेक्टर करून त्याला नोंदीचे नाव दिले की, एकच ‘इनिट-की’ दोन्ही सर्व्हरना लागू पडते आणि तरीही प्रत्येकाची ओळख स्वतंत्र राहते. मात्र कोणी चुकून दोघांच्या सामाईक कीवर्डकडे निर्देश केला, तर कोणता घटक हवा ते स्पष्ट नाही, असे सांगून लायब्ररी थांबते. अंदाज न बांधता थांबण्याचा हा स्वभाव मला मनापासून आवडतो.

हाच काटेकोरपणा पर्यायांच्या बाबतीत मात्र आपोआप मिळत नाही, आणि तिसऱ्या महिन्यात त्याची किंमत आम्ही मोजली. जेटीच्या थ्रेडची (एकाच वेळी विनंत्या हाताळणाऱ्या धाग्यांची) कमाल संख्या आम्ही 20 ठरवली होती, परंतु कॉन्फिगमध्ये ‘मॅक्स-थ्रेड्स’ऐवजी ‘मॅक्स-थ्रेड’ असे लिहिले गेले. रिंगचा अडॅप्टर अनोळखी पर्यायांकडे लक्ष देत नाही, त्यामुळे कोणतीही तक्रार न करता त्याची मूळची 50 ही मर्यादाच लागू राहिली. हिकारीचा पूल मूळ 10 जोडण्यांवर होता. गर्दीच्या वेळी पन्नास थ्रेड दहा जोडण्यांसाठी ताटकळत, आणि 30 सेकंदांत जोडणी मिळाली नाही की हिकारी अपवाद (त्रुटी) फेकत असे. मुळात चूक एका अक्षराची होती, पण लॉगमधील नोंदी वाचताना आमचा संशय दोन दिवस डेटाबेसवरच राहिला. शेवटी ती सापडली ती थ्रेड आणि पूल यांच्या कॉन्फिगमधील दोन्ही नोंदी एकाच फाइलमध्ये, चार ओळींच्या अंतरावर असल्यामुळे. आता ‘असर्ट-की’ या मल्टिमेथडमध्ये प्रत्येक घटकाच्या पर्यायांची तपासणी लिहिली आहे आणि अनोळखी पर्याय दिसला की प्रणाली सुरूच होत नाही. नव्याने वापरणाऱ्यांना माझा आग्रह आहे की, ही तपासणी पहिल्याच दिवशी लिहावी.

पर्यावरणातील चलांसाठी (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्ससाठी) आम्ही एरो ही कॉन्फिग वाचणारी लायब्ररी सोबत घेतली आहे. एरोला इंटिग्रंटचा निर्देश ठाऊक नसतो, म्हणून त्याच्या रीडरमध्ये एका ओळीची भर घालावी लागते. पोर्टसारखी संख्या पर्यावरणातून अक्षरमाला म्हणूनच येते, तेव्हा तिचे रूपांतर कॉन्फिगमध्येच करून घ्यावे.

रोजच्या कामात सर्वांत मोठा फरक रेपलमध्ये (कोड टाइप करून लगेच चालवून पाहण्याच्या सोयीत) जाणवला. इंटिग्रंट-रेपलमधील ‘रीसेट’ हे फंक्शन चालवले की प्रणाली तात्पुरती थांबते, बदललेल्या नेमस्पेस पुन्हा लोड होतात आणि प्रणाली परत उभी राहते. ‘सस्पेंड-की’ आणि ‘रिझ्यूम-की’ लिहिलेल्या नसतील तर प्रत्येक घटक पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू होतो, म्हणजेच जेटी दर वेळी पोर्ट सोडते आणि पुन्हा धरते. जेटीसाठी आम्ही ही जोडी लिहिली, ती अशी: सर्व्हरला खरा हँडलर थेट न देता एका ॲटममध्ये (मूल्य बदलता येणाऱ्या खणात) ठेवलेला हँडलर द्यायचा. थांबताना त्या ॲटममध्ये एक रिकामे प्रॉमिस (नंतर येणाऱ्या मूल्यासाठी राखलेली जागा) ठेवायचे. पुन्हा चालू होताना हँडलर सोडून बाकीचे पर्याय तेच असतील, तर त्या प्रॉमिसमध्ये नवा हँडलर पोहोचवायचा आणि जुनाच सर्व्हर परत करायचा. पर्याय बदलले असतील तर मात्र जुना बंद करून नवा उभा करायचा. या मधल्या काळात आलेली विनंती नाकारली जात नाही, ती प्रॉमिसपाशी थांबून राहते आणि नवा हँडलर मिळताच तिला उत्तर मिळते. फाइल जतन केली, रीसेट केले आणि लगेच ब्राउझर ताजा केला, तरी पान नव्या कोडनिशीच उघडते. अर्थात कोडमध्ये कंसाची चूक राहिली तर लोड करणे अर्धवट थांबते, प्रणाली थांबलेलीच राहते आणि ब्राउझर नुसता फिरत बसतो. पहिल्या आठवड्यात आमच्यापैकी प्रत्येक जण यामुळे एकदा तरी गोंधळला. ब्राउझर अडकला की आधी रेपल पाहायचा, ही सवय आता आम्हाला लागली आहे.

प्रत्यक्ष सर्व्हरवर या लायब्ररीची खरी परीक्षा सेवा बंद होताना होते, असे माझे मत बनले आहे. मुख्य फंक्शनमध्ये प्रणाली सुरू केल्यावर लगेच जेव्हीएमला (क्लोजर चालवणाऱ्या जावाच्या यंत्रणेला) एक शटडाउन हुक (बंद होताना चालणारे काम) जोडून त्यात ‘हॉल्ट’ बोलवायचे, एवढेच आपल्याला करावे लागते. क्रम उलटा असल्यामुळे आधी जेटी थांबते आणि सर्वांत शेवटी पूल बंद होतो. एखादी विनंती अर्धी झालेली असताना तिच्या पायाखालून डेटाबेस काढून घेतला जाण्याचा प्रकार यामुळे टळतो. परंतु जेटीने चालू विनंत्यांची वाट पाहावी, हे मात्र इंटिग्रंटच्या हातात नाही. त्यासाठी रिंगच्या ‘कॉन्फिग्युरेटर’ पर्यायातून सर्व्हर हाती घ्यावा लागतो, थांबण्याची मुदत ठरवावी लागते आणि जेटीच्या आवृत्तीनुसार मूळ हँडलरभोवती स्टॅटिस्टिक्स-हँडलर किंवा, 12 मध्ये, ग्रेसफुल-हँडलर गुंडाळावा लागतो. ही मुदत कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिसच्या मूळ 30 सेकंदांच्या सवलतीपेक्षा कमी असावी, नाहीतर मुदत संपण्याआधीच प्रक्रिया मारली जाते.

येथेही आम्हाला एक धडा मिळाला. सगळे नीट लिहूनही कित्येक आठवडे आमचा शटडाउन हुक एकदाही चालला नव्हता. कंटेनर सुरू करणाऱ्या शेल स्क्रिप्टमध्ये जावाच्या आज्ञेआधी ‘एक्झेक’ लिहिलेले नव्हते, त्यामुळे थांबण्याचा संकेत शेलपाशीच अडकत असे आणि मुदत संपल्यावर सेवा सरळ मारली जात असे. ‘हॉल्ट-की’ सुरू होताना आणि संपताना लॉगमध्ये एकेक नोंद लिहायला लागलो, तेव्हा नोंदींत काहीच दिसेना आणि मग हे उघडकीस आले.

तक्रारीही आहेत. ‘हॉल्ट-की’ लिहिली नाही तर लायब्ररी गप्प राहते, कारण मुळात ती काहीच करत नाही. नवीन सहकाऱ्याने सर्व्हरचा घटक लिहिला, बंद करण्याचा भाग विसरला, आणि दुसऱ्या रीसेटला पत्ता आधीच वापरात असल्याचा अपवाद आला, हे दोनदा घडले. मल्टिमेथड ज्या नेमस्पेसमध्ये आहे ती लोड झालेली नसेल तर घटक सापडत नाही; त्यासाठी ‘लोड-नेमस्पेसेस’ आहे, पण कीवर्डचे नाव नेमस्पेसशी जुळते ठेवण्याची शिस्त आपणच पाळायची. ईडीएनमधील कीवर्डवरून त्याच्या मल्टिमेथडपर्यंत थेट उडी मारणे आमच्या संपादकांत नीट जमत नाही, आणि मोठी फाइल वाचताना हा खोळंबा रोज जाणवतो. याच्या बदल्यात सुरुवात फसली तर कोणत्या घटकापाशी फसली हे अपवाद स्पष्ट सांगतो, आणि तोवर उभी राहिलेली अर्धी प्रणालीही त्याच अपवादात मिळते, म्हणजे ती बंद करून पोर्ट व जोडण्या मोकळ्या करता येतात.

चाचण्यांविषयी थोडेच लिहितो, कारण तेथे तक्रारीला जागा नाही. ‘इनिट’ला केवळ हँडलरचा कीवर्ड दिला की तो आणि त्याला लागणारे घटकच सुरू होतात, जेटी उभीच राहत नाही. रिंगमध्ये विनंती आणि उत्तर हे दोन्ही मॅप असल्यामुळे हँडलरला एक मॅप द्यायचा आणि आलेला मॅप तपासायचा, यात नेटवर्कचा संबंधच येत नाही. ज्या मोजक्या चाचण्यांना खरा सर्व्हर हवा असतो, त्यांत कॉन्फिगच्या मॅपमधील पोर्ट ‘असोक-इन’ने 0 करतो आणि जेटी मोकळा पोर्ट स्वतः निवडते.

एक पूल आणि एक सर्व्हर एवढाच पसारा असेल, तर मुख्य फंक्शनमध्ये ‘लेट’ लिहून भागते आणि मी तेच सुचवेन. आमच्याकडे मागच्या महिन्यात कामांच्या रांगेलाही पूल लागू लागला. कॉन्फिगमध्ये एक निर्देश वाढवला, रांगेच्या ‘हॉल्ट-की’मध्ये हातातले काम संपेपर्यंत थांबण्याची व्यवस्था केली, आणि पूल आता रांग रिकामी झाल्यानंतरच बंद होतो, हे त्याच संध्याकाळी नोंदींत पाहून खात्री करून घेतली.