हापूसची वेबसाइट: गूगलची जाहिरात की एसईओ?

देवगड किंवा रत्नागिरीच्या ज्या बागायतदाराने वाशीच्या बाजारावर विसंबून न राहता ग्राहकाला थेट पेटी पोचवण्यासाठी वेबसाइट उभी केली आहे, त्याच्यापुढे मोहोर टिकतो की गळतो याची चिंता चालू असतानाच आणखी एक प्रश्न येतो. प्रसिद्धीसाठी बाजूला काढलेले मर्यादित पैसे गूगलच्या सशुल्क जाहिरातीत घालावेत, की साइट शोधनिकालांत जाहिरातीविना वर यावी यासाठीच्या कामात, म्हणजे एसईओत? वर्षभर विकल्या जाणाऱ्या मालाला लागू पडणारे उत्तर मुख्यतः मार्च ते मे चालणाऱ्या या धंद्याला जसेच्या तसे लागू पडत नाही.

मुख्य फरक वेळेचा आहे. जाहिरात मंजूर झाली की थोड्याच वेळात दिसू लागते आणि थांबवली की लगेच बंद होते. एसईओचा परिणाम दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागते, असे गूगलनेच सांगितलेले आहे. त्यामुळे फेब्रुवारीत हाती घेतलेल्या एसईओचे फळ त्याच वर्षीच्या आंब्याला मिळण्याची आशा धरू नये. याच कारणाने अवकाळी पावसाच्या वर्षी जाहिरात अधिक सोयीची ठरते, कारण माल संपला की त्याच संध्याकाळी खर्च थांबवता येतो.

तथापि जाहिरात परवडते का, हे पेटीमागे सुटणाऱ्या नफ्यावर ठरते. समजा, एका क्लिकला 12 रुपये पडतात आणि 50 क्लिकमागे एक ऑर्डर येते. म्हणजे ऑर्डरमागे 600 रुपये झाले. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 708. ताज्या आंब्यावर जीएसटी नसल्यामुळे जाहिरातीवर भरलेल्या या कराची वजावट त्या विक्रीपोटी मिळत नाही, ही बाब अनेकांच्या हिशेबातून सुटते. फळ, खोका, कुरिअर वजा जाता पेटीमागे 500 रुपये उरत असतील, तर प्रत्येक ऑर्डर 208 रुपयांचा तोटा देऊन जाते. तीच ऑर्डर 25 क्लिकमध्ये आली, तर जाहिरातीचा खर्च 354 रुपयांवर येतो आणि 146 रुपये हाती राहतात. क्लिकचा दर लिलावात ठरतो आणि त्यात बोलीबरोबर जाहिरातीचा व पानाचा दर्जाही मोजला जातो. म्हणून हळू उघडणारे, भाव लपवणारे पान जाहिरातही महाग करते.

जाहिरातखात्यात गूगलने आधीपासून निवडून ठेवलेले पर्याय एकेक करून तपासावेत, कारण नवख्याचे पैसे बहुतांशी तिथेच जातात. शब्दांची जुळणी ‘ब्रॉड’ म्हणजे सैल राहिली, म्हणजेच आपण दिलेल्या शब्दांशी दूरचा संबंध असलेले शोधही धरले गेले, तर हापूसचे कलम, आमरसाची कृती किंवा वाशीचा आजचा भाव शोधणाऱ्यांनाही जाहिरात दिसू शकते. असे शब्द नकारात्मक यादीत, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दाखवू नये त्यांच्या यादीत, टाकणे हे पहिल्याच दिवसाचे काम आहे. ठिकाण म्हणून पुणे निवडले तरी मूळ पर्यायात पुण्याविषयी रस दाखवणारे बाहेरचे लोकही धरले जातात. सर्वसाधारण विक्रेत्याने हा पर्याय बदलून प्रत्यक्ष तिथे असणाऱ्यांपुरता ठेवावा. पण न्यू जर्सीत बसून पुण्यातल्या आईवडिलांसाठी पेटी मागवणारा मुलगाही याच वाटेने येऊ शकतो, म्हणून त्याच्यासाठी छोटी, वेगळी मोहीम ठेवणे मला अधिक योग्य वाटते. दैनिक मर्यादा 500 रुपये ठेवली तरी एखाद्या दिवशी 1000 पर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याचा एकूण आकडा मात्र दैनिक मर्यादेच्या 30.4 पटींच्या वर जात नाही.

एसईओत क्लिकचे पैसे नाहीत, पण श्रम आणि धीर लागतो. ‘हापूस आंबा ऑनलाइन’ अशा शब्दांवर मोठ्या किराणा कंपन्यांशी झुंजण्यात लहान बागायतदाराचा निभाव लागणे कठीण आहे. त्याचे बळ तपशिलात आहे: बाग कोणत्या गावात आहे, काढणी कधी होते, फळ अढीत कसे पिकवले जाते, पुण्याला पेटी किती दिवसांत पोचते, डागी फळ निघाल्यास काय केले जाते. कोकणातल्या हापूसला 2018 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने सर्रास विकला जातो. अशा वेळी या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी झाली असल्यास ती पानावर ठळकपणे द्यावी. मात्र ‘आंबा कसा ओळखावा’ अशा माहितीपर लेखांवर सगळी भिस्त ठेवू नये, कारण 2024 पासून गूगल भारतात अशा कित्येक प्रश्नांना एआयने तयार केलेले उत्तर निकालांच्या वरच देते आणि वाचणारा साइटवर येतोच असे नाही.

हंगाम संपला की पान काढून टाकणे आणि पुढच्या वर्षी नव्या पत्त्यावर नवे पान करणे ही या धंद्यात सहज होणारी चूक आहे. पत्ता तोच ठेवावा, त्यात वर्षाचा आकडा घालू नये, आणि जूननंतर तिथेच पुढील हंगामाची नोंदणी घ्यावी. सर्च कन्सोल हे गूगलचे मोफत साधन लोक कोणते शब्द टाइप करून आले हे 16 महिन्यांपर्यंत दाखवते, म्हणजे सरलेला संपूर्ण हंगाम पावसाळ्यात बसून वाचता येतो.

गूगलच्या नकाशावरील मोफत नोंद अवश्य करावी. परंतु तिथे अंतराला महत्त्व असल्यामुळे देवगडची नोंद कोथरूडमधल्या ग्राहकाला सहसा दिसणार नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या जाहिराती आधी घेऊन गेलेल्या ग्राहकांना आठवण देण्यास बऱ्या, मात्र तिथला माणूस आंबा शोधायला आलेला नसतो.

पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्या एजन्सीला नकार द्यावा, कारण अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलच सांगते. जाहिरात दिल्याने जाहिरातीविना मिळणारे स्थान वर जाते, हाही गैरसमज आहे. काम कोणालाही दिले तरी जाहिरातखाते स्वतःच्या नावावर असावे.

साइट नवी असून पेटीमागे पुरेसे पैसे सुटत असतील, तर पहिल्या हंगामात एक-दोन शहरांपुरती जाहिरात द्यावी आणि जूनमध्ये साइटच्या कामाला लागावे. नफा तुटपुंजा असेल, तर जाहिरात सोडून एसईओच करावे आणि पहिले वर्ष ओळखीच्या ग्राहकांवर काढावे. आंबापोळी, पल्प, कोकम असा वर्षभर टिकणारा मालही विकणाऱ्याने एसईओला निःसंशय अग्रक्रम द्यावा. कोणत्याही बाबतीत व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फोनवर येणाऱ्या प्रत्येक ऑर्डरपुढे ‘आमचे नाव कुठे पाहिले?’ याचे उत्तर वहीत लिहून ठेवावे, कारण वेगळी व्यवस्था केल्याविना या ऑर्डरी गूगलच्या अहवालात येत नाहीत.