ओकवरच्या जाळ्यातले किडे बघायला १०एक्सचं भिंग: घ्याच

ह्यूस्टनकडच्या मंडळींनी उन्हाळा संपता संपता हे बघितलंच असेल, लाइव्ह ओकच्या (तिकडच्या सदाहरित ओक झाडाच्या) खोडापासून पार फांद्यांपर्यंत पांढरं चकचकीत जाळं गुंडाळलेलं असतं आणि मग जो तो स्प्रे शोधायला लागतो. प्लीज काही मारू नका. त्यापेक्षा १०एक्सचं, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं, घडीचं भिंग घ्या, मी घेतलंय ते ट्रिपलेट आहे, म्हणजे आत तीन काचा चिकटवलेल्या, त्यामुळे कडेला रंगीत रेघा येत नाहीत.

जाळ्यात राहतात ते आर्किप्सोकस नोमास, बार्कलाइसमधली (सालीवर राहणाऱ्या बारीक किड्यांमधली) एक जात, कोळी नाहीत आणि अळ्याही नाहीत. नुसत्या डोळ्यांना तपकिरी ठिपके पळताना दिसतात, बस. भिंगातून मात्र लांब मिशा, मोठं गोल डोकं, सगळं दिसतं, आणि रेशीम तोंडाजवळच्या ग्रंथींतून काढतात हे कळल्यावर तर मी बघतच बसले. खातात काय, तर सालीवरची बुरशी, शेवाळ, लायकेन, मेलेली साल. पानांना हात लावत नाहीत, झाडाला काही म्हणजे काही होत नाही. जाळं पुढे वाऱ्यापावसाने निघून जातं, अगदीच नको असेल तर पाण्याचा पाइप मारा.

भिंग डोळ्याला टेकवूनच धरायचं आणि मग डोकं खोडाकडे न्यायचं, साधारण अडीच सेंटीमीटरवर फोकस येतो, हात लांब करून बघितलंत तर सगळं धूसर. २०एक्सच्या नादी लागू नका, त्याला निम्म्या अंतरावर जावं लागतं, उजेड कमी पडतो आणि हे किडे एका जागी थांबत नाहीत.

दुसरी जात सेरास्टिप्सोकस वेनोसस, ही तर सोडूच नका. जाळं नसतं, सालीवर उघड्यावर कळपाने चरतात म्हणून तिकडे ट्री कॅटल, म्हणजे झाडावरची गुरं, म्हणतात. पिल्लं राखाडी, पोटावर पिवळे पट्टे, मोठ्यांचे पंख काळे कुळकुळीत, आणि जवळ बोट नेलं की अख्खा कळप एकदम सरकतो!! त्यामुळे भिंग हळू न्या.

तक्रार म्हणाल तर बिजागरीचा स्क्रू ढिला होतो आणि सोबत दोरी येत नाही, ती आधी बांधा, गवतात पडलं तर सापडत नाही. फोन लावून फोटो काढायला उपयोग नाही, त्याला क्लिपवाली मॅक्रो लेन्स वेगळी घ्यावी लागेल.