डोंगरासाठी बूट: बाहेरचा हंटिंगवाला, ट्रेकिंगचा मिड की आपला साधा हंटर?

मागच्या आठवड्यात मावसभावाचा मेसेज आला, सोबत लिंक. "दादा, हे पाह्य ना, माउंटन हंटिंग बूट, जन्मभर टिकते म्हणते, घेऊन टाकू का?" किंमत पाहिली तर बत्तीस हजार, वरून कस्टम वेगळा. पोरगं डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकांठ्याच्या ट्रेकला जाणार, श्रावणात पचमढीजवळची नागद्वारची यात्रा दरवर्षीची ठरलेली, आणि मधल्या रविवारी दुर्बीण घेऊन तलाव-टेकड्या. शिकारीचा तर विषयच नाही, आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने ती बंद आहे आणि बरंच झालं. पण बूट मात्र त्याला शिकाऱ्याचेच पाहिजेत, कारण कुठल्या तरी व्हिडिओत एक बाबा ते घालून बर्फातून चालला होता. व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यात सांगून बोटं दुखली म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू, बाकीच्यांच्याही कामी येईल.

आधी हा हंटिंग बूट असतो काय ते. आल्प्समध्ये नाहीतर न्यूझीलंडमध्ये डोंगरावरचा शिकारी पायवाटेने चालतच नाही, तो आडव्या उतारावरून, सुट्या दगडांतून, गवताच्या कड्यांवरून फिरतो, आणि जनावर मिळालंच तर परतताना पाठीवर तीस-चाळीस किलो मांस असतं. (गंमत म्हणजे न्यूझीलंडवाले ज्या थार नावाच्या रानबोकडामागे एवढे कडे चढतात तो मूळचा आपल्या हिमालयातलाच, १९०४ मध्ये तिकडे नेऊन सोडला आणि मग तिथे डोक्यावर बसला.) तर त्या कामासाठी बूट आठ-दहा इंच उंच, चामडं अडीच-तीन मिलिमीटर जाड, तळव्यात नायलॉनची नाहीतर स्टीलची कडक पट्टी, तिला शँक म्हणतात, तिच्यामुळे उतारावर बुटाची नुसती कड रोवून उभं राहता येतं, आणि खालून चहूबाजूंनी रबराचा पट्टा, दगडांनी चामडं सोलू नये म्हणून. जोडीचं वजन पावणेदोन किलो धरा. चीज खरंच जबरदस्त असते, त्यात वाद नाही. फक्त रिकाम्या पाठीने सपाट रस्त्यावर घालून पाहा, पाय वाकतच नाही, लाकडी फळी बांधल्यासारखं चालावं लागतं.

दुसरा पर्याय म्हणजे कापडी मिड ट्रेकिंग शूज, घोट्यापर्यंतचे, नागपुरात मोठ्या स्पोर्ट्सच्या दुकानात तीन ते आठ हजारांत मिळतात, जोडी किलोभराची. आणि तिसरा आपला कॅनव्हासचा हिरवा-खाकी हंटर, एनसीसीवाल्यांच्या पायात असतो तो, हजार-बाराशेचं काम. नावामुळे घोळ असा होतो की ऑनलाइन 'हंटर' टाकलं की एकीकडे बत्तीस हजारवाले येतात आणि दुसरीकडे हे हजारवाले, आणि लोक म्हणतात यात फरक काय बे.

फरक खूप आहे, पण तो चांगला-वाईट असा नाही. पाठीवर किती वजन आणि पायाखाली काय, एवढ्या दोन गोष्टींचा आहे.

नागद्वारचंच घ्या. पाऊस चालू, पचमढीचा वालुकाश्म ओला, त्यावर शेवाळ, वाटेत चार ठिकाणी पाण्यात पाय घालावाच लागतो, आणि पाठीवर काय तर एक पिशवी, चिवडा आणि प्लास्टिकचा रेनकोट. तिथे हंटर राजा आहे. भिजतो, पण पाणी निघूनही जातं, नरम रबर दगडाला बऱ्यापैकी धरतं, आणि फाटला तर कोणी रडत नाही. चामड्याच्या उंच बुटात एकदा वरून पाणी शिरलं की दिवसभर पायाला बादली बांधल्यासारखं होतं आणि तो बूट दोन दिवस वाळत नाही. तिथे म्हाताऱ्या बाया अनवाणी झपझप पुढे जातात आणि आपण दहा हजाराचे बूट घालून दगडाला मिठी मारून उभे असतो, ते वेगळंच.

पण हाच हंटर घालून बर्फात जाशील तर फसशील. कॅनव्हास पाच मिनिटांत ओला, आणि ओल्या पायाला थंडी काय करते ते केदारकांठ्यावर, साडेतीन हजार मीटरच्या वर, पहाटे तीनला निघाल्यावर कळते, तेव्हा कळून उपयोग नसतो. शिवाय तळवा इतका पातळ की दगडांचं टोक न् टोक लागतं, वजन घेऊन तीन दिवस चाललं की टाचा बोंबलतात. तिथे वॉटरप्रूफ मिड शूज घे, वरून गेटर, म्हणजे बुटात बर्फ शिरू नये म्हणून पिंडरीला बांधायचं कापड, आत लोकरीचा मोजा, झालं. मळलेली वाट आहे, जड सामान खेचरावर जातं, त्याच्यासाठी शँकवाला बूट म्हणजे पोहे करायला लग्नाची कढई.

वॉटरप्रूफचं थोडं समजून घ्या, कारण दुकानदार या शब्दावर हजार-दोन हजार जास्त लावतो. आतमध्ये एक पातळ पडदा असतो, बाहेरचं पाणी अडवतो आणि आतली वाफ बाहेर सोडतो. पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड आणि कोरडी पाहिजे ना. एप्रिलमध्ये रामटेकला बेचाळीस डिग्रीत हे घालून चढलो तर पाय आतल्या आत उकडून निघाला, मोजे पिळले. म्हणजे बर्फासाठी पडदा पाहिजे, आणि विदर्भातल्या फिरण्याला बिनपडद्याचा, जाळीवाला बरा, तो भिजतो पण वाळतोही. जाळीचं एक दुखणं आहे मात्र, कुसळं. दिवाळीनंतर कुठल्याही पडीक रानातून चाला, मोजे आणि जाळी भरून जाते, आणि एकेक काढत बसा रात्री. चामड्याला हा त्रास नाही, बोरीचा काटाही सहसा आरपार जात नाही, हे मानावं लागेल.

आणि हंटिंग बुटावर ४०० किंवा ८०० ग्रॅम असं लिहिलेलं दिसलं तर ते बुटाचं वजन नाही, ऊब देणाऱ्या अस्तराचा आकडा आहे, चौरस मीटरमागे किती ग्रॅम. ते त्या लोकांसाठी जे गारठ्यात तासन्‌तास एका जागी बसून असतात. मावसभावाने पाठवलेल्या लिंकमध्ये ४०० होतं. नागपूरच्या माणसाने ते घेऊन करायचं काय, चालताना हिमालयातसुद्धा पाय घामाने भिजेल आणि थांबला की तोच घाम गार पडेल. अस्तर नसलेला बघ म्हटलं, घ्यायचाच असेल तर.

आता टिकण्याचं. 'जन्मभर टिकते' हे अर्धसत्य आहे. चामडं टिकतं, सोल टिकत नाही. जाड सोलच्या आत जो पांढरा-राखाडी थर असतो तो बऱ्याच महागड्या बुटांत पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा असतो, आणि दमट हवेत तो हळूहळू आतून कुजतो, बूट न वापरता कपाटात ठेवला तरी. उलट न वापरलेला लवकर जातो म्हणतात. माझी स्वतःची गोष्ट आहे, चांगल्या कंपनीचे होते, नाव नाही घेत, जपून-जपून सहा वर्षं ठेवले, खोक्यात, कूलरच्या खोलीत! उन्हाळाभर कूलर चालू म्हणजे त्या खोलीत श्रावण. मग एका फेब्रुवारीत पचमढीजवळच्या चौरागढच्या यात्रेत पायऱ्यांवर उजवा सोल पावासारखा चुरा होऊन निघाला, डावा अर्ध्या तासाने. त्रिशूळ घेऊन चाललेल्या एका काकांनी सुतळी दिली, ती बांधून उतरलो, खाली येईपर्यंत लोक पायाकडेच बघून राहिले होते. स्वस्त शूजमध्ये बहुतेक ईव्हीए नावाचा दुसरा फोम असतो, तो असा चुरत नाही, फक्त दबत-दबत चपटा होतो, त्यामुळे निदान अंदाज येतो. तर विकत घेताना विचारा की आतला थर कशाचा आहे, आणि सोल शिवलेला आहे की नुसता चिकटवलेला. शिवलेला असेल तर पुढे सोल बदलता येतो. आता नागपुरात तसा जाड सोल आणून बसवून देणारा कोण, हा प्रश्न मी तीन मोचीदादांना विचारला, तिघांनीही बूट उलटा-सुलटा केला, कौतुक केलं आणि परत दिला. एकाने टायरचा लावून देतो म्हटलं. म्हणजे सोल बदलता येतो हा बत्तीस हजारातला मोठा फायदा आपल्याला इथे बसून मिळतच नाही, बूट कुरिअरने परगावी पाठवायची तयारी असेल तर ठीक.

सोलचे खाचेही पाहा. बारीक आणि दाट खाचे दुकानात छान दिसतात, पण आपल्या काळ्या मातीत पहिल्या पावसानंतर दहा पावलांत भरून जातात आणि प्रत्येक पायाला दोन किलो चिखल चढतो. खाचे खोल आणि लांब-लांब पाहिजेत, माती आपोआप झडली पाहिजे.

बरं, हे सगळं झालं, पण माझ्या मते या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट माप आहे, आणि लोक नेमकं तेच घाईत करतात. आपल्यापैकी बहुतेकांचं बालपण चपलेत आणि अनवाणी गेलं, पंजा पसरट, आणि बाहेरचे बरेच बूट अरुंद साच्यावर बनतात. मग लांबी बरोबर असली तरी करंगळी दाबली जाते, माणूस म्हणतो एक नंबर मोठा घेतो, मग टाच आत उचलते आणि फोड येतो. मोठा नंबर हा रुंदीवरचा इलाज नाही, रुंद साच्याचा बूटच शोधावा लागतो. आकड्यांतही गोंधळ आहे, आपला ९ म्हणजे ब्रिटिश ९, तोच युरोपचा ४३ आणि अमेरिकेचा साधारण १०. अमेरिकन साइटवरून ९ मागवला की झाला कार्यक्रम, आणि परत पाठवायचा खर्च ऐकून गप्प बसावं लागतं.

दुकानात संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय सुजलेला असतो तेव्हा. नखं कापून जा, आणि जो मोजा डोंगरात घालणार तोच घेऊन जा, सुती नाही, लोकरीचा किंवा सिंथेटिक. लेस सैल ठेवून पाय पुढे ढकलायचा, टाचेमागे एक बोट आरामात गेलं पाहिजे. मग टाच मागे ठोकून लेस आवळायची आणि जिन्यावर चढ-उतार करायची. चढताना टाच उचलली तर नको. उतरताना अंगठा पुढे आपटला तर अजिबात नको, कारण केदारकांठ्याहून उतरताना तो हजारो वेळा आपटणार आहे आणि नख काळं पडून निघणार आहे, माझं निघालंय. दुकानदार म्हणेल की वापरून सैल होते. चामडं थोडं रुंदीत सैल होतं, हो, लांबीत कधीच होत नाही, आणि कापडी तर जसा आहे तसाच राहतो. कापडी शूजला आठवडाभर फुटाळा तलावाला चक्कर मारली की पुरे. जाड चामड्याला मात्र महिना-दीड महिना द्यावा लागतो, सेमिनरी हिल्सचा चढ, पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक. निघायच्या चार दिवस आधी पार्सल येणार असेल तर विषय संपला.

मग हंटिंग बूट कोणी घ्यावा? जो खरंच वाट सोडून फिरतो, पाठीवर पंधरा-वीस किलो स्वतः वाहतो, आणि हे वर्षातून महिनाभर तरी करतो. हिमालयात आठ-आठ दिवस सर्व्हेला जाणारी, तंबू-कॅमेरे स्वतः उचलणारी मंडळी असतात, त्यांनी खुशाल घ्यावा, तोही साच्याचं माप पायाला लावून बघता येत असेल तरच. घोटा आधीच दुखावलेला असेल त्यालाही उंच बुटाचा आधार वाटतो, पण त्याने आधी डॉक्टरला विचारलेलं बरं.

मावसभावाला शेवटी म्हटलं, साडेपाच-सहा हजारांचे वॉटरप्रूफ मिड घे बर्फासाठी, हजाराचा हंटर घे नागद्वारसाठी, दोनशे-तीनशेचे वेगळे इनसोल टाक त्या हंटरमध्ये, आणि उरलेल्यातून चांगले मोजे घे चार जोड, त्यावर कोणी खर्च करत नाही. तो थोडा हिरमुसला, व्हिडिओतल्या बाबासारखं दिसणार नाही म्हणून. पण काल सीताबर्डीतून फोटो पाठवला, मिडचाच, पायात घालून जिन्यावर उभा. खाली लिहिलं होतं की टाचेमागे बोट जाते पण करंगळी थोडी लागते. लगेच फोन केला, काढ म्हटलं, तिथल्या तिथे काढ, आणि टॅग तोडू देऊ नको.