एएफएल प्लस प्लस: हॅकिंगमधील शास्त्र कुठवर पोहोचते?

हॅकिंग ही कला की शास्त्र, या वादात उतरणाऱ्याने आधी एएफएल प्लस प्लस हा मोफत फझर, म्हणजे प्रोग्रामला सतत बदललेल्या फाइली देऊन तो कुठे कोसळतो हे शोधणारे साधन, काही दिवस वापरून पाहावा. सुरक्षेतील दोष केवळ प्रतिभावंतांच्या नजरेलाच दिसतात, हा समज त्याने माझ्यापुरता तरी पार मोडीत काढला आहे.

मूळ एएफएल मिखाल झालेव्स्की यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यातील सुधारणा थंडावल्यावर इतर जाणकारांनी एएफएल प्लस प्लस या नावाने ते पुढे नेले. तपासायचा प्रोग्राम या साधनाच्या कंपायलरने (लिहिलेला कोड चालवण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रामने) बांधला की कोडच्या फाट्याफाट्यावर खुणा पेरल्या जातात. मग फझर नमुना फाइलमधील बिट उलटतो, तुकडे कापतो, जोडतो आणि ज्या बदलामुळे प्रोग्राम आजवर न चाललेल्या वाटेने गेला, तेवढाच पुढच्या फेरीसाठी राखून ठेवतो. या साध्या निवडीची ताकद झालेव्स्की यांनी २०१४ मध्ये दाखवली: केवळ ‘हेलो’ एवढाच मजकूर असलेल्या फाइलपासून सुरुवात करून, चित्राची रचना कोणीही न सांगता, एएफएलने काही तासांत वैध जेपीईजी चित्र तयार केले. माणसाने हे केले असते, तर आपण त्याला निःसंशय कलावंत म्हटले असते.

तरीही सगळे काम यंत्रावर सोपवता येत नाही. फाइलमध्ये चेकसम, म्हणजे मजकूर बदललेला नाही ना हे पडताळणारा आकडा असेल, तर जवळजवळ प्रत्येक बदल दारातच नाकारला जातो. ती तपासणी कुठे आहे हे ओळखून ती चाचणीपुरती बंद करणे आपल्यालाच करावे लागते. प्रोग्रामचा नेमका कोणता भाग फझरपुढे ठेवायचा, हा निर्णय तर मला सर्वांत अवघड वाटतो, कारण तो चुकला की यंत्र दिवसरात्र राबूनही हाती काही लागत नाही. ओपनएसएसएल या सुरक्षित संपर्काच्या सॉफ्टवेअरमधील हार्टब्लीडसारखा दोष मेमरी गुपचूप वाचतो, प्रोग्राम कोसळत नाही. म्हणून मेमरीचा गैरवापर पकडणारे अॅड्रेससॅनिटायझर जोडल्याशिवाय तो फझरला दिसत नाही. एकाची माहिती दुसऱ्याला दाखवणारी परवानगीची चूक असेल, तर तिथे प्रोग्रामच्या हेतूची जाण लागते आणि ती या साधनापाशी मुळीच नाही.

शेवटची नवी वाट कधी सापडली आणि किती क्रॅश हाती आले, हे टर्मिनलवरील फलक उत्तम सांगतो. पर्यायांची संख्या मात्र नवख्याला गोंधळवणारी आहे आणि क्रॅश झालेल्या फाइलींपैकी खरोखर धोकादायक कोणत्या, हे पारखायला डीबगर (प्रोग्राम पायरीपायरीने चालवून पाहण्याचे साधन) घेऊन बसावेच लागते. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली, बाहेरून आलेल्या फाइली वाचणारी लायब्ररी (इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड) सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हा फझर नेमाने चालवावा. वेबसाइटवरील लॉगिन आणि अधिकार यांची तपासणी करायची असेल, तर दुसरे साधन निवडावे.