सावंतवाडी, पिंगुळी आणि देवळापुढचं नाटक : मार्चमधले दोन दिवस

मी कोल्हापूरला शाळेत चित्रकला शिकवते. लोककलेचा तास आला की चित्रकथीबद्दल, म्हणजे एकेक चित्र दाखवत कथा सांगायच्या कलेबद्दल, सांगायला माझ्याकडे एकच चित्र असायचं, जुन्या कॅलेंडरमधून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेलं. गेल्या हिवाळ्यात एका शहरातल्या महोत्सवात प्रत्यक्ष चित्रकथी बघायला मिळाली, तेव्हा मी फार आशेने गेले होते. कलाकारांना दहा मिनिटं दिली होती. प्रेक्षक बसले होते वीस-पंचवीस फुटांवर, तिथून चित्रातलं काहीही कळत नव्हतं, आणि वालीचा वध व्हायच्या आतच निवेदकाने टाळ्या वाजवायला सांगितल्या. त्या कलाकारांनी चित्रांची पोथी आवरली तेव्हा मला रडू आलं. त्याच रात्री ठरवलं, हे बघायचं तर त्यांच्या अंगणात, कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन.

मार्चमधला एक शनिवार-रविवार काढला. मी, आठवीतली लेक आणि सासूबाई. आईंचं माहेर कुडाळकडचं, त्यामुळे त्यांचा उत्साह आमच्या दोघींपेक्षा जास्त. आजरा-आंबोलीवरून घाट उतरलो की हवाच बदलते. काजूच्या बोंडूंचा तो आंबूस वास खिडकीतून आत येतो आणि आपण खाली आलो हे डोळे मिटूनही कळतं. सावंतवाडीच्या बाजारात आईंनी सगळ्यात आधी काय केलं तर सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, घेतला. ही फुलं याच दिवसांत मिळतात, फांदीला अगदी चिकटून येतात आणि कळ्या पहाटे उमलायच्या आत खुडाव्या लागतात. तो वळेसर दोन दिवस आमच्यासोबत फिरला. सुकला तरी वास गेला नाही.

आधी राजवाडा. मोती तलावासमोरच आहे, चुकायचा प्रश्न नाही. दरबार हॉलमध्ये गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, करणाऱ्या बायका बसलेल्या असतात आणि त्यांचं काम जवळून बघता येतं. दशावतारी गंजिफाच्या संचात 120 गोल पानं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा. मत्स्याच्या पानावर मासे, कूर्माच्या पानावर कासवं, परशुरामाच्या पानावर परशू. लेकीला सगळ्यात आवडलं ते हे, की डाव दिवसा असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो आणि रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. मला आवडली ती मासे रंगवणारी बाई. माशाची पाठ एका दमात काढायची, तर तिचा कुंचल्याचा हात जागचा हलत नव्हता. डाव्या हाताच्या अंगठ्याने ती पानच फिरवत होती आणि रेघ आपोआप गोल येत होती. वीस वर्षं मी मुलांना मनगट सैल सोडा म्हणून सांगत आले. इथे मनगट स्थिर आणि कागद फिरता! मी तिथे अर्धा तास तरी उभी असेन.

ही कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवींनी उरलेल्या जुन्या कारागिरांना राजवाड्यात बोलावून, त्यांच्याकडून शिकून आणि इतरांना शिकवून ती पुन्हा उभी केली. पूर्ण संच महाग आहे, पण हाताने रंगवलेल्या 120 पानांना तेवढे पैसे द्यायलाच हवेत. संच परवडत नसेल तर लहानसहान रंगवलेल्या वस्तू मिळतात. आम्ही त्याच घेतल्या.

चितारआळीत लाकडी खेळण्यांसाठी जाल तर घाई करू नका. आम्ही बाजारातल्या पहिल्याच दुकानातून लाकडी केळ्यांचा घड उचलला आणि लॉजवर पोचेपर्यंत लेकीच्या तळहाताला पिवळा रंग लागला होता. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या कारागिरांकडून आंबा आणि सीताफळ घेतलं, ते ओल्या फडक्याने पुसलं तरी तसंच आहे. दुकानदाराला विचारून खालच्या बाजूला नखाने हलकं घासून बघा. चांगला कारागीर त्याला नाही म्हणत नाही.

शनिवारी रात्री नाटक. आईंच्या माहेरच्या गावाजवळ एका देवळाचा वर्धापनदिन होता. दशावताराला, कोकणातल्या या लोकनाट्याला, तिथे नुसतं 'नाटक' म्हणतात, आणि जत्रेतला असेल तर 'धयकालो'. तिकीट नाही. देवळासमोर मांडव, सतरंज्या, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. आईंनी मला खुर्चीवर बसू दिलं नाही, सतरंजीवर पुढेच बसायचं.

पण त्याआधी ओळख काढून त्यांनी आम्हाला रंगपटात नेलं, आणि या दोन दिवसांतलं मला सगळ्यात जवळचं वाटलेलं दृश्य तिथलं आहे. पेटाऱ्याच्या झाकणावर हातभर आरसा टेकवलेला. त्याच्यासमोर मांडी घालून बसलेला पस्तिशीचा माणूस स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवत होता. दिवसा तो रिक्षा चालवतो. आधी सफेदा, मग गाल, मग भुवई. एक भुवई काढून झाली की डोळे मिटून घ्यायचा, उघडून बघायचा, मग दुसरी. त्या दोन भुवयांमध्ये केसाचाही फरक नव्हता. मग उठून त्याने साडी नेसली, निऱ्या घातल्या, आणि पदर खांद्यावर टाकताना त्याची मानच वेगळी झाली. लेक माझ्या कानात म्हणाली, "आई, आता ते काका नाहीयेत." पेटाऱ्याजवळच्या गणपतीला हात जोडून तो मंचावर गेला.

नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं आणि कोण कुठली भूमिका करणार एवढं ठरतं, बाकी संवाद जागेवर. मंचावर एक बाकडं, तेच सिंहासन, तोच पर्वत, तेच अंतःपुर. बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. राजाची एंट्री झाली की पखवाजवाला त्याच्या पायाकडे बघून वाजवतो, आणि राजा थबकला की हातही थबकतो. साडेबाराच्या सुमाराला माझे डोळे मिटायला लागले तर आईंनी कोपराने ढोसलं, "अगो, झोपतंस काय? आता लढाई सुरू होतली!" आणि खरंच, ती लढाई चुकवू नये. लाकडी तलवारी, भिंगरीसारख्या गिरक्या, आणि पुढे बसलेली पोरं श्वास रोखून.

एक तक्रार आहे आणि ती मनापासून करते. ध्वनिवर्धक गरजेपेक्षा फार मोठा लावला होता. दीड-दोनशे माणसं, तीही दहा पावलांवर बसलेली. पदं म्हणणाऱ्याच्या गळ्यातली बारीक हरकत त्या कर्ण्यात फाटत होती. आयोजकांनी आवाज निम्मा केला तरी मागच्या खुर्चीपर्यंत सगळं पोचेल.

रविवारी सकाळी पिंगुळी. कुडाळपासून अगदी जवळ, गुढीपूर भागात 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय आहे. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात ते सुरू केलं. त्यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. मोठी इमारत, काचेची कपाटं असल्या अपेक्षेने जाऊ नका. घर आहे, अंगण आहे, आणि घरातली माणसंच तुम्हाला सगळं दाखवतात. आदल्या दिवशी फोन करून जा, म्हणजे प्रयोगाची तयारी करता येते.

आम्ही चित्रांपासून दोन हातांवर बसलो. हुडूक (डमरूसारखं वाद्य) आणि टाळ सुरू झाले आणि पोथी उघडली. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांची चळत. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, त्यामुळे पान उलटलं की कथा पुढे सरकते. चेहरे एका बाजूने, डोळे टपोरे, अंगावर नक्षी ठासून भरलेली, आणि युद्धाच्या चित्रात बाणांनी आभाळ भरलेलं. सांगणारा बोट ठेवतो त्याच माणसाकडे आपण बघतो. बोट बाणावरून सरकत वालीच्या छातीपर्यंत आलं तेव्हा लेकीने माझा हात धरला. या वेळी वाली पूर्ण मेला, तारा पूर्ण रडली, कुणी मध्ये आलं नाही.

मग कळसूत्री बाहुल्या, आणि शेवटी चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ. सावंतवाडीच्या राजघराण्याने या ठाकर जमातीच्या कलावंतांना आश्रय दिला, कुठल्या घराने कुठल्या देवळात कला सादर करायची हेही ठरवून दिलं होतं. त्या काळी पडद्यामागे तेलाचा दिवा असायचा.

प्रयोगाचे जे पैसे सांगतील ते देऊन टाका, घासाघीस करू नका. रामायणातलं एक चित्र मी वर्गासाठी विकत घेतलं, जुनं कॅलेंडरचं चित्र आता काढून ठेवलंय. लहान मुलं बरोबर असतील तर खेळ संपल्यावर पडद्यामागे जायची परवानगी मागा. आमच्या लेकीला त्यांनी हनुमान हातात धरायला दिला आणि काठी किती तिरकी केली की शेपूट कापडाला टेकते ते दाखवलं. कुडाळला एसटी सुटायला वीस मिनिटं उरली तरी ती पडद्यामागून बाहेर यायला तयार नव्हती.