आठ महिने, समुद्रकाठ आणि डोंगर: ४० मिमीच्या ट्यूबलेस टायरवर ग्रॅव्हल सायकल

आठ महिन्यांत या ग्रॅव्हल, म्हणजे खडीच्या कच्च्या वाटांसाठी बनवलेल्या, सायकलवर सुमारे ४,८०० किलोमीटर झाले. त्यातले निम्म्याहून जास्त कच्च्या रस्त्यावर. किनाऱ्यालगत वाळू मिसळलेली वाट, तिथून टेकड्यांत चढणारा मुरमाचा रस्ता आणि वर डोंगरात चुनखडीच्या टोकदार दगडांच्या वनवाटा. बहुतेक दिवस कडक ऊन. सायकल घेण्याआधी मी पुष्कळ परीक्षणं वाचली होती. त्यांत फ्रेमचं वर्णन पानभर असायचं आणि टायरमधल्या हवेबद्दल एखादी ओळ. आता मला नेमकं उलट करावंसं वाटतं, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा फरक हवेनंच पडला.

आधी सामान सांगतो. ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बन फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), ७००सी मापाची चाकं, शिमानो जीआरएक्स ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच), पुढे पेडलजवळ ४६ आणि ३० दातांच्या दोन चेनरिंग (दातेरी चकत्या), मागच्या चाकावर ११ ते ३४ दातांच्या चकत्या, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. मी, सायकल, पाणी आणि पिशव्या मिळून ८८ किलोच्या आसपास भरतो. हे वजन लक्षात ठेवा, नाहीतर पुढचे पीएसआयचे, म्हणजे टायरमधल्या हवेच्या दाबाचे, आकडे तुमच्या उपयोगाचे नाहीत.

पहिला महिना मी ५० पीएसआयवर चालवली. टणक टायर जोरात पळतो ही डांबरी रस्त्यावरची सवय. पण खडीवर टणक टायर प्रत्येक गोट्यावरून आख्खी सायकल आणि आपल्याला वर उचलतो, आणि पायांची ताकद अंग हादरण्यात जाते. सगळ्यात वाईट अवस्था वॉशबोर्डवर. नालीदार पत्र्यासारख्या आडव्या लाटा, वळणाच्या अलीकडे हमखास. तिथे पुढचं चाक जमिनीला टेकतच नव्हतं, मग ब्रेक दाबून काय होणार? तासाभराच्या उतारानंतर करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायचं.

दर आठवड्याला दोन-तीन पीएसआय कमी करत गेलो. मागे ३६ आणि पुढे ३२ वर आलो तेव्हा तोच उतार वेगळा वाटला. चाक दगडावरून उडायच्या ऐवजी दगडाला कवेत घेऊन पुढे जातं. बोटांचं बधिर होणंही जवळपास थांबलं. हाव सुटून २८ वर गेलो आणि एका चिऱ्यावर मागची रिम ‘ठक्’ करून आपटली. रिमच्या कडेला आलेला पोचा अजून तसाच आहे. माझ्या वजनाला ४० मिमीच्या टायरवर या दगडांत तीसच्या खाली जायचं नाही, हे त्या दिवशी कळलं.

उन्हाच्या प्रदेशात आणखी एक गोष्ट बघावी लागते. सकाळी १५ अंशांत ३५ पीएसआय भरलेला टायर दुपारी ४० अंशांपर्यंत तापला की आतला दाब ३९ च्या वर जातो. एवढा फरक हाताला स्पष्ट जाणवतो. त्यामुळे गारव्यात हवा भरताना मी दोन पीएसआय कमीच ठेवतो. उंचीची मात्र फार काळजी नको. हजार मीटर चढल्यावर बाहेरच्या हवेचा दाब घटल्यामुळे टायर दीडएक पीएसआयनं कडक होतो, पण वर हवाही गार असते, त्यामुळे बराचसा हिशेब जुळून जातो.

आता सीलंट, म्हणजे ट्यूब नसलेल्या टायरमध्ये ओतायचं, भोक आपोआप बुजवणारं लॅटेक्सचं द्रव. ट्यूबलेसवर माझा आधी विश्वास नव्हता, आता ट्यूबकडे परत जायचा विचारही करत नाही. चौथ्या महिन्यात मागचा टायर उतरवला आणि आतून बोट फिरवलं. जागोजागी काट्यांची टोकं लागत होती. मोजले तर अकरा काटे. प्रत्येकाच्या बुडाशी वाळलेल्या लॅटेक्सचा मसुराएवढा पिवळसर ठिपका. म्हणजे अकरा पंक्चर झाली होती आणि मला एकही कळलं नव्हतं. किनाऱ्याकडच्या वाटेवर ही काटेरी झुडपं दोन्ही बाजूंनी आत घुसलेली असतात, तिथे ट्यूब असती तर रोज रस्त्यात बसावं लागलं असतं. पण त्याच वेळी टायरच्या तळाशी द्रव सीलंट जवळजवळ उरलंच नव्हतं, नुसती रबरासारखी साय. उन्हात ते लवकर वाळतं. आता दर सहा आठवड्यांनी व्हॉल्व्हमधून थोडं घालतो. नव्या टायरला एका वेळी ७५ मिली पुरतं.

सीलंटची मर्यादाही पाहिली. सहाव्या महिन्यात एका दगडानं टायरची बाजू सेंटीमीटरभर चिरली. पांढरी धार पायावर उडत राहिली आणि भोक काही बुजेना. रबरी प्लग खुपसला, दहा मिनिटं टिकला. शेवटी आतून जाड पट्टी लावून ट्यूब घालावी लागली, आणि त्याआधी ते काटे एकेक करून उपटावे लागले, नाहीतर ट्यूब लगेच फुटली असती. तेव्हापासून एक ट्यूब, चिकटपट्टी आणि छोटी पक्कड सीटखालच्या पिशवीतून काढलेली नाही.

गिअरबद्दल माझं मत ठाम आहे. डोंगरात दोन चेनरिंगच घ्या. पुढे ३० आणि मागे ३४ दातांवर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण १.९ मीटर जाते, म्हणजे मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी सात किलोमीटर. पुढे एकच ४० ची चेनरिंग आणि मागे ४२ असेल तर तीच फेरी २.१ मीटरची होते. फरक कागदावर छोटा दिसतो, पण १२ टक्के चढावर सैल खडीत उभं राहून पेडल मारता येत नाही. उठलात की मागचं चाक जागेवर फिरतं. बसूनच चढायचं असतं आणि तिथे प्रत्येक दात मोलाचा. शर्यतवाल्यांचे गिअर बघून ठरवू नका. २०२२ मध्ये इटलीच्या व्हेनेतो भागात ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तो मार्गही बराचसा सपाट होता. पिशव्या लादल्या तर मला ३०/३४ सुद्धा कमी पडतो, हेही सांगून ठेवतो.

वाटा ठरवताना मी वाऱ्याचा विचार करायला उशिरा शिकलो. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, जमीन तापली की दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो. आधी मला वाटायचं, दुपारी चढावं, वारा पाठीशी असेल. केलं आणि पस्तावलो. ताशी आठच्या वेगानं चढताना तेवढाच वारा पाठीमागून आला तर अंगाला हवाच लागत नाही. घाम सुकत नाही, डोकं तापतं. आता अंधारातच निघतो, नऊच्या आत मोठा चढ संपवतो आणि किनाऱ्याचा सपाट भाग संध्याकाळी वारा पडल्यावर करतो. चुनखडीच्या डोंगरात पाणी भेगांतून खाली जिरतं, त्यामुळे नकाशावर ओढा दिसला तरी बाटली भरता येईलच असं नाही. ७५० मिलीच्या दोन बाटल्या मला चार तासांनाही पुरल्या नाहीत, तिसरी पिशवीत ठेवावी लागली.

नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप वापरतो. त्यात कच्च्या रस्त्याला ग्रेड १ ते ५ अशी नोंद असते, १ म्हणजे घट्ट, ५ म्हणजे मऊ माती. ३ पर्यंत ४० मिमीला चालतं. पण ती नोंद कोणत्या ऋतूत केली ते दिसत नाही. एका मोठ्या पावसानंतर माझी आवडती ग्रेड २ ची वाट गुडघाभर चाकोऱ्यांची झाली होती, आणि कोरड्या दिवसांत तीच घोटाभर फुफाट्याची.

खारी हवा हा इथला खरा शत्रू. तीन महिन्यांत बाटलीच्या स्टँडचे स्क्रू गंजले, पाचव्या महिन्यात सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) फ्रेममध्ये घट्ट बसला. कार्बनचा पोस्ट, ॲल्युमिनियमची नळी आणि मध्ये मिठाचं पाणी, मग गंज चढणारच. तो सोडवायला दोन दिवस गेले. आता दर महिन्याला पोस्ट काढून पुसतो, कार्बन पेस्ट लावून परत बसवतो. किनाऱ्यावरून आलो की त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुतो, पण जोराच्या फवाऱ्यानं नाही, त्यानं बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. चेनला तेल सोडून मेण सुरू केलं. तेलावर वाळू बसली की ती कानशीसारखी दात घासत जाते. तेलावरची पहिली चेन १,९०० किलोमीटरमध्ये ०.५ टक्के ताणली गेली, मेणावरची दुसरी २,९०० झाले तरी तिथवर पोचलेली नाही. दर ३०० किलोमीटरला पुन्हा मेण लावायची कटकट आहे, पण मला ती मान्य आहे.

मागच्या टायरची मधली नक्षी आता जवळपास गुळगुळीत झाली आहे. नवा ४० चाच, पण जाड बाजूचा घेतला आहे. पुढे मात्र या वेळी ४५ मिमी बसवला. फोर्कमध्ये दोन्हीकडे सहा-सहा मिलीमीटर जागा उरते, ओल्या चिकणमातीत ती कमी पडेल असं वाटतं. सध्या २९ पीएसआयवर सुरुवात केली आहे.